हिरव्यावर खूण

तोरणमाळच्या पठारावर, तलावापासून तासाभराच्या चालीवर
चिडाची सातशे बारा झाडं.
कोण्या साहेबाने प्रयोग म्हणून लावली.
साहेबाची बदली झाली, प्रयोग उभाच राहिला.
पावऱ्यांच्या बोलीत या झाडाला नाव नाही.
जात्र्या त्याला सुयांचं झाड म्हणतो.
गुरं याच्या सावलीत बसत नाहीत, म्हणतो,
खाली गवतच नाही तर कशाला बसतील.

दोन पावसाळे कोरडे गेले
आणि खोडांना घाम यायचा थांबला.
एरवी किडा आत शिरू लागला की
झाड राळ सोडतं, राळेतच बुडवतं त्याला.
आता राळच नाही.
बुंध्याशी तांबूस भुसा,
गिरणीत जात्याखाली सांडतो तेवढा,
रोज सकाळी ताजा.

किडा म्हणाल तर तिळाहून थोडा मोठा.
तळहातावर घेतला
की पाय दुमडून मेल्याचं सोंग करतो.

नाशिकला तीन दिवस प्रशिक्षण झालं.
जेवण चांगलं होतं. लक्षात राहिलं ते एवढंच:
लाल पडलेल्या झाडामागे धावू नका,
त्यातलं बिऱ्हाड केव्हाच उठलंय.
हिरवं शोधा.
ज्याला अजून वाटतंय आपण बरे आहोत
ते तोडा.

आई दोंडाईच्याहून फोनवर विचारते,
जित्तं झाड काबर तोडस वं?
मी म्हणते, रेंज जातेय.

एक झाड तर मुद्दाम पाडायचं, चांगलं,
आणि सावलीत आडवं ठेवायचं, आमिष.
ओल्या लाकडाच्या वासाने ते येतात, घरं करतात.
सहा आठवडे मोजायचे,
पिल्लांना पंख फुटायच्या आत साल सोलायची.
दिवस चुकले तर
सरकारी खर्चाने पाळणाघर उघडलं म्हणायचं.

भुरीबाई कोयत्याने साल उचकटते.
आत मधोमध एक सरळ रेघ,
दोन्ही अंगांनी बारीक रेघा फुटलेल्या,
टोकाकडे जाड होत गेलेल्या.
ती आपला हात त्याशेजारी धरते,
कोपरापासून मनगटापर्यंतचं गोंदण.
माझं बाजारात झालं, म्हणते, धडगावच्या,
शेरभर चारोळी दिली होती आईनं.
याचं फुकट.
मग तोच हात सालीखाली घालून
उरलेली एका ओढीत सोलते.

आता चारशे अठरा नंबरचं सांगते.
मार्चमधली गोष्ट.
भुसा होता, पण चिमूटभर.
सुतार पक्षी टोचून गेलेला, तेही दिसलं.
पण वर बघितलं तर शेंडा इतका हिरवा,
वाऱ्यात इतका निवांत,
की मी ब्रश डब्यात परत ठेवला.
पुढच्या फेरीला बघू, म्हटलं.
जात्र्या काही बोलला नाही,
त्याने फक्त डब्याचं झाकण लावलं.

पुढच्या फेरीला चारशे अठरा विटकरी झालं होतं
आणि त्याच्याभोवती अकरा झाडांच्या बुंध्याशी
ताजा भुसा.
अकराही हिरवी.
एकेकावर पांढरा पट्टा ओढला, हात न थांबवता.
नोंदवहीत कारणाचा रकाना आहे.
कीड, असं लिहिलं.
रकाना लहानच आहे.

संध्याकाळी सालींचा खड्डा पेटवला.
राळेचा धूर डोळ्यांत गेला सगळ्यांच्या,
तेवढं एक बरं झालं.

जात्र्या म्हणाला, भामरेबाई,
एक ओंडका नेऊ? खाटेला पाय करीन.
नियमात बसत नाही.
विचारलं, साल राहिली नाही ना कुठे?
त्याने लाकडावरून हात फिरवून दाखवला.
मग मीही फिरवला.
गाठीपाशी नखाएवढी चिकटलेली होती.

कोयता दे, म्हटलं.