ढगांच्या जिवावर

खोरोगच्या विमानतळाबाहेर माझी जीप उभी असते,
नाक रस्त्याकडे, आरसा आभाळाकडे.
आत एक बाई स्पीकरवर बोलते, शब्द कळत नाहीत,
पण माणसं बाहेर येताना पिशव्या कशा धरतात
त्यावरून कळतं, आज विमान नाही.
मग मी ओरडतो, "दुशान्बे! दुशान्बे! दोनच सीट राहिल्यात!"
सातही रिकाम्या असतात.

विमानानं अडीचशे किलोमीटर, पाऊण तास.
माझ्या चाकांनी सहाशेच्या वर,
नक्की किती ते दरड ठरवते.
वेळ? चौदा तास सांगतो मी, तुम्ही सोळा धरून चाला.
मधले साडेतीनशे आले कुठून,
असं एका इंजिनियरनं विचारलं होतं,
रुशानच्या पुढे, ओकून झाल्यावर.
म्हटलं, नदीला विचारा.
पांज वळते तिथे आम्ही वळतो.
पलीकडे अफगाणिस्तान,
गाढवावर गवताचा भारा आणि मागे एक पोरगं.
एकोणीस वर्षं मी त्याला हात करतोय,
पोरगं दरवेळी दुसरं असतं.

खरं सांगायचं तर मी ढग मागत आलो.
सकाळी शीरचायमध्ये रोटी कुस्करता कुस्करता डोंगर बघायचो;
माथा स्वच्छ दिसला की चहा अळणी.
धुकं उतरलं की बायको न बोलता थर्मास भरायची.
पोरीची फी, छपराचे पत्रे, मागच्या वर्षीचा गिअरबॉक्स,
सगळं रद्द झालेल्या उड्डाणांतून आलंय.

यंदा मार्चात सावसानला सातव्यातच मूल झालं.
माझ्या पंजाएवढं.
डॉक्टर नझरबेगीम म्हणाली, "दुशान्बेला न्यायला हवं.
रस्त्यानं नाही, कुर्बोनशो.
तुझ्या रस्त्यानं तर नाहीच."
तुझ्या, म्हणाली.

तीन दिवस आभाळ टाके घालून शिवल्यासारखं.
जीप घरी, मी विमानतळाबाहेर, हात खिशात.
बाकीचे ड्रायव्हर ओरडत होते, दोनच सीट, दोनच सीट!
ममदशोनं मला बघितलं आणि आवाज खाली घेतला.
एकोणीस वर्षांचं मागणं
असं एका दमात परत कसं घ्यायचं?
ज्याच्याकडे मागितलं त्याला वाटेल
हा माणूस शुद्धीवर नाही.

चौथ्या दिवशी दहाच्या सुमारास माथा दिसला,
नुकती दाढी केल्यासारखा.
विमान उठलं.
ते शिखरांच्या वरून नाही, मधून जातं म्हणतात,
पंख कड्यांना घासतील असं.
मी बघितलं नाही. मी चावी शोधत होतो.

रिकामं कशाला जायचं म्हणून चार सीट भरल्या.
पैसे घेतले, पुरते.
रुशानची वेस ओलांडायच्या आत ते उतरलेसुद्धा असतील;
फोन लागत नव्हता, मी नुसता हिशेब केला.
कलाई-खुम्बला टायर बदलला, तोवर अंधारलं.
मागच्या सीटवरची म्हातारी जर्दाळूच्या बिया फोडत बसलेली.
"विमानानं किती पडतं रे?"
"अडीचशे."
"अंतर नाही, पैसे विचारले."

मी उत्तर दिलं नाही.
पलीकडच्या काठावर कुणीतरी बॅटरी घेऊन चाललं होतं,
आमच्याच दिशेनं, आमच्याहून हळू.
हात केला.
अंधारात दिसला नसणार.