मागाहून

संडरलंडच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
दर मंगळवारी सहा ते साडेसात.
रेडिएटर खोकतो. खिडकीखालची नदी
नोव्हेंबरात चारलाच दिसेनाशी होते.

आज फळ्यावर मी लिहिलं : सब्सिक्वेन्टली.
म्हणजे 'नंतर'च, पण टाय बांधलेला.
कौन्सिलच्या कचेरीत एकवीस वर्षं
असलेच शब्द टंकले मी,
घरी आल्यावर मात्र साधं मग.
मग भांडी, मग भात, मग दिवा बंद.

माई ग्वोलियांगनं लगेच वाक्य केलं :
मी दात घासले. सब्सिक्वेन्टली, मी झोपलो.
बरोबर आहे, म्हटलं, चूक एकही नाही,
पण दात घासायला कुणी सूट घालतं का?
तो खो-खो हसला. त्याच्या टेकअवेतल्या तेलाचा वास
आता आमच्या सगळ्यांच्या वह्यांना येतो.

श्रीमती छ्यू हसल्या नाहीत.
त्यांनी पिशवीतून इस्पितळाचं पत्र काढलं,
चार घड्यांचं, घड्यांवर विरलेलं.
एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ :
दाखल करण्यात आले, व सब्सिक्वेन्टली
त्यांचे निधन झाले.

"म्हणजे किती दिवसांनी?"
ते हा शब्द सांगत नाही, मी म्हटलं.
"अकरा. मी मोजलेत.
शेवटच्या रात्री संत्रं मागितलं त्यांनी.
खालचं दुकान बंद होतं."
आणि त्या शब्दावरून बोट फिरवत राहिल्या,
अक्षर अक्षर,
कुठंतरी सालीचा तुकडा लागेल तसं.

घाईघाईनं मी दुसरा शब्द लिहिला : देअरआफ्टर.
तो आणखीच गार निघाला. पुसला.

"आमच्याकडे," त्या म्हणाल्या, "येणारा परवा म्हणजे
होउ-थिएन. पाठीमागचा दिवस.
व्हायचंय ते पाठीशी उभं असतं, दिसत नाही ना.
झालेलं सगळं समोर."

आमचं उलटं, मी सांगणार होते,
आमचं येणारं पुढे असतं, गेलेलं मागे.
(परवाचं सोडा, त्याला दोन्हीकडे तोंडं.)
पण जिभेवर आलं ते वेगळंच.
मिरजेच्या फलाटावर अण्णांना म्हटलं होतं :
तुम्ही व्हा पुढे,
मी मागाहून येतेच.

सब्सिक्वेन्टली.

साडेसात. माईनं खुर्च्या उचलून ठेवल्या.
श्रीमती छ्यूंची वही माझ्यापुढे, उघडी :
सकाळी दुकान उघडले.
सब्सिक्वेन्टली, मी सहा संत्री घेतली.

संत्र्यांना सूट शोभत नाही,
हे मीच तासाभरापूर्वी शिकवलेलं.
लाल पेन उचललं,
आणि समोर बरोबरची खूण केली.