बारावा ठोका

मादलायना फावडं उतारात रोवते
आणि हातमोजा दातांनी ओढून काढते.
तीस हिवाळे ह्याच खोऱ्यात टपाल वाटलं तिने, स्कीवरून.
कुठला वारा कुणाच्या दाराशी किती बर्फ आणून टाकतो
हे तिला पत्त्यांइतकंच पाठ.

छातीएवढा खड्डा. ईशान्येची, ऊन न लागणारी बाजू.
बर्फाची भिंत ती झाडून घेते
रंगाच्या जुन्या ब्रशने, ज्याला अजून
खिडक्यांचा निळा चिकटलेला आहे,
आणि हिवाळा वाचायला बसते, तळापासून वर.

खाली नोव्हेंबर. रव्यासारखा, मुठीत धरला की निसटणारा,
जमिनीची ऊब त्याला आतून पोखरत राहिली.
त्यावर नाताळातला पाऊस, गोठून काच झालेला.
नखाने टकटक केली तर वाजतो.
मग जानेवारीचे घट्ट, सालस थर; चाकू जेमतेम शिरतो.
आणि वरून दोन-तीन वितींवर
एक राखाडी रेघ,
टोक काढलेल्या पेन्सिलीने ओढावी इतकी.

"ही बघ," ती म्हणते. "ही तुमची रात्र."

ती रात्र मला आठवते. उर्सिनाचा साखरपुडा.
वारा पडलेला, आभाळ असं निरभ्र की कान दुखावेत.
नाचून घामाघूम बाहेर आलो
तर अख्खं कुरण पिसांचं झालेलं:
दंव गोठून उभी राहिलेली, नखाएवढी पिसं,
चांदण्यात एकेक वेगळं मोजता यावं अशी.
पाय टाकला की किणकिणायची.
दुरी म्हणाला, मी नाही बाबा हे मोडणार,
आणि कुंपणाच्या कडेकडेने, लांबच्या वाटेने घरी गेला.

तिसऱ्या दिवशी बर्फ पडला. अलगद.
एकही पीस न मोडता.
मग वाऱ्याने कड्यामागून आणखी आणून रचला.
पिसं उभीच आहेत अजून, अंधारात,
पाठीवर अर्धा फेब्रुवारी घेऊन.

ती करवतीने एक खांब कापते, हातभर रुंदही नाही.
त्याच्या माथ्यावर फावड्याचं पातं. त्यावर तिचा तळहात.
मनगटातून दहा ठोके. काही नाही.
कोपरातून एक.
कोपरातून दोन,
आणि वरचा ठोकळा पुढे आला
कपाटाचा खण ओढावा तसा, सरळ, गुळगुळीत,
जवळजवळ आदबीने.

समोर खिंडीपर्यंत एक माग गेलेला होता,
सकाळचाच. सुरेख वळणांचा.
मी म्हटलं, "पण कुणीतरी गेलंय की."

तिने खड्डा बुजवायला घेतला.
"चास्पर चौथा होता," ती म्हणाली.
"पहिले तिघे पलीकडे उभे राहून
त्याला ये म्हणत होते."

भावाबद्दल ती एवढंच बोलली, त्या दिवशी आणि नंतरही.

आम्ही लार्चच्या रानातून उतरलो, सपाटीसपाटीने,
जिथे स्की घसरत नाही, ढकलावी लागते.
मांड्या भरून आल्या. मी रागावलो होतो,
कुणावर ते कळत नव्हतं.
खिंडीवर ऊन पडलं होतं, पिठीसाखरेसारखं बर्फ,
आणि आपण इकडे फांद्यांखालून वाकून चाललोय.

तो उतार त्या हिवाळ्यात सुटलाच नाही.
मार्च गेला. एप्रिलात दुपारी
शेजारचे दोन कडे गडगडले, हा नाही.
मे महिन्यात तो जागच्या जागी वितळला,
नोव्हेंबर, नाताळ, पिसं, सगळ्यासकट,
आणि खालच्या लाकडी हौदात येऊन
गाईंच्या पोटात गेला.

आमचं बरोबर होतं का?
विचारायला आता तिथे फक्त गवत आहे.

वहीत तेवढी नोंद आहे, तिच्या टपालाच्या ठसठशीत अक्षरात:
ईशान्य. अडतीस अंश. बारा. परतलो.
आणि समासात, बारीक:
सूप खारट झालं होतं. दोघांनी दोनदा घेतलं.