तेविसावा हिवर

पत्र्याच्या बिल्ल्यावर तेवीस आकडा आहे,
माझ्याच हातचा, अकरा वर्षांपूर्वीचा.
खोडानं त्याची एक कड गिळून टाकली आहे.

सांक नदीच्या या घळींत मी दर वैशाखात येते,
ग्वाल्हेरहून, पहाटेच्या जीपनं,
टेप, वही, पाण्याच्या दोन बाटल्या,
आणि आल्याआल्या आधी सावलीत बसते.
मोजणी नंतर.

इथं याला रेंवजा म्हणतात.
लष्करातल्या आमच्या घरात तो हिवरच राहिला,
चार पिढ्या,
अंगणात एकही हिवर नसताना.

भोवतालची जमीन गेली.
दर पावसाळ्यात थोडी, कुणाच्या नजरेत न येता,
दीड पुरुष खोल.
झाडाखालची तेवढी थांबली;
आणि आता हिवर उभा आहे
स्वतःच मुठीत धरलेल्या मातीच्या ढिगावर,
उघडी मुळं खाली सोडून,
ओट्यावर बसलेल्या माणसासारखा.

बाहेर शेहेचाळीस. सावलीत एकोणचाळीस.
या सात अंशांत किती जण राहतात!
काट्याला टोळ टोचून खाटीक पक्षी कुठंतरी गेलाय.
होल्यानं चार काड्या आडव्या टाकल्यात, त्याला तो घर म्हणतो.
नीलगायीनं पाठ घासून साल गुळगुळीत केली आहे.
गवत म्हणाल तर घळभर नाही,
इथं मात्र बुंध्याभोवती, चटईएवढं.

पुस्तकात अशा झाडाला कमानीच्या माथ्याचा दगड म्हणतात:
काढला, की कमान खाली.
मला ते कधी पटलं नाही.
दगड शेंगा टाकत नाही.
बदामी गुर्जर म्हणते, "जे तो सराय है, बहनजी,"
आणि शेंगा वेचायला लागते.

शंभर बिया मी फडक्यावर मांडल्या.
एकाहत्तरांना टाचणीच्या डोक्याएवढं भोक.
भुंगा आत वाढला, आतलं सगळं खाऊन दार पाडून गेला.
उरलेल्या एकोणतिसांना शेळी हवी,
भुंग्याच्या आधी पोचणारी.
साठ होत्या बदामीकडे.
रात्री वाड्यात रवंथ करता करता
बिया थुंकायच्या, अंधारात टपटप आवाज यायचा,
आणि श्रावणात कुंपणाच्या कडेनं हिरवी रांग.
आता चार.
मुलगा डंपर चालवतो, बानमोरला.

आणि वेडी बाभूळ?
ती विमानातून पडली. बदामी तेव्हा नवी नवरी होती,
तिला वाटलं सरकार साखर टाकतंय.
शेळ्या दोन्ही शेंगा खातात,
त्यांना देशी-विलायती कळत नाही.

एकतीस झाडं. सतरावं गेल्या साली पडलं;
ज्या मातीवर ते उभं होतं
ती एका पावसात गेली,
बिल्ला मला नदीत सापडला.
तीस, मग.
'रोपं' या रकान्यात शून्य.
अकरा वर्षं शून्य, नीट, गोल, एकाखाली एक.

(मंडळाच्या गेल्या गणपतीत
अथर्वशीर्षाला बसलेल्यांत सर्वांत लहान मी.
पंचावन्न.
हे वहीत लिहीत नाही.)

निघताना बदामीनं हाक मारली.
मोडक्या वाड्याच्या कोपऱ्यात, जुन्या लेंड्यांच्या थरात,
दोन वितींची एक काडी.
पानं तिच्याच शेळ्यांनी ओरबाडलेली.
काट्यांची जोडी, तशी दोघांनाही असते.
नखानं साल खरवडली:
आत हिरवं.

कोण, ते पानं आल्यावरच कळेल.
मी शून्य लिहायला टेकवलेलं पेन उचललं,
आणि तिथं एक प्रश्नचिन्ह काढलं,
जरा वाकडं आलं.

बदामी थांबली नव्हती.
वेड्या बाभळीचीच एक फांदी तोडून
तिनं काडीभोवती रोवली,
काटे बाहेरच्या बाजूला,
आणि शेळ्यांना शिव्या देत
घरी हाकून नेलं.