तळमजला

चौकटीवर बोट ठेवलं
आणि बोट आत गेलं.
रंग तसाच होता, गेल्या दिवाळीचा, फिकट बदामी.
रंगामागे लाकूड नव्हतं.

हे म्हणाले, सागवान आहे, सागवानाला लागत नाही.
हे सगळ्याच बाबतीत असं म्हणतात.
मी लाटण्याचं टोक टेकवलं.
सागवान भुसभुशीत पडलं, गूळपापडीसारखं,
आणि त्यातून पांढरं काहीतरी
उजेडाला शिव्या देत पळालं.

ऐरोली, सेक्टर चार, तातडीची सभा.
दुसऱ्या मजल्यावरचे टिपणीस म्हणाले,
वाळवी ही तळमजल्याची वैयक्तिक बाब आहे.
गच्ची गळली तेव्हा आम्ही वर्गणी दिली होती,
आमच्या डोक्यावर तीन मजले असताना.
हे मी मनात म्हणाले.
मग मोठ्यानेही म्हणाले.

ठराव बघू, म्हणत सचिवांनी जिन्याखालचं कपाट उघडलं,
सत्त्याण्णव सालची वही काढली.
पुठ्ठा शाबूत.
आत मातीच्या नद्या, उपनद्या,
उपस्थित सभासद सगळे खाल्लेले,
विषय क्रमांक तीन खाल्लेला,
खाली अध्यक्षांची सही तेवढी शिल्लक.
शाई कडू असावी.
वैयक्तिक हा शब्द त्यानंतर कुणी काढला नाही.

हरेश्वर आला, गोठिवलीचा.
स्कूटरला ड्रिल बांधलेलं, पायांत प्लास्टिकचे बूट.
भिंतीलगत फुटाफुटावर भोक, जरा तिरकं,
भोकात नळी, नळीतून औषध,
वर पांढऱ्या सिमेंटचा ठिपका.
मी मोजत गेले. एकशे बाराला चहा ठेवला.

बशीत चहा ओतताना म्हणाला,
आमच्या आज्याचं शेत इथंच कुठंतरी,
तुमचा ओटा किंवा त्या समोरच्यांचं पार्किंग.
बांधावर वारूळ होतं, माझ्या छातीएवढं.
नांगर वळवून न्यायचा आजा,
वारुळाला धक्का लावायचा नाही.
मग? मी विचारलं.
मग काय, बुलडोझर वळत नाही.
तक्रार नव्हती त्याच्या आवाजात.
फ्रिजचं बटण कुठलं, तेवढं विचारलं.

जाण्याआधी त्याने मला भिंतीला कान लावायला लावला.
कोरड्या पोह्यांवरून कुणी हात फिरवावा
तसा आवाज. इतके दिवस
मी या भिंतीला उशी लावून झोपत होते.

अठरा हजार, पाच वर्षांची हमी.
हमीचा कागद ठेवायचा कुठे
यावर आमचं पाऊण तास भांडण झालं.
शेवटी तो शंकरपाळ्यांच्या स्टीलच्या डब्यात गेला.

वास जाईपर्यंत खाली झोपू नका, म्हणाला होता.
कशा कोण जाणे, टिपणीस वहिनी स्वतः आल्या,
आमच्याकडे या म्हणाल्या,
गाद्या घालून ठेवल्यात.
हॉलमध्ये खाडीचा वारा छान येतो त्यांच्या.
हे लगेच घोरायला लागले.

अडीचला पाणी प्यायला उठले.
परक्या घरात अंधारात चाचपडत जाताना
स्वयंपाकघराच्या चौकटीवर
सवयीने बोटाचं पेर वाजवलं.

पुन्हा वाजवलं, जरा वर.
मग जरा खाली.

सांगेन सकाळी.
आधी चहा होऊ दे त्यांचा.