तीन बोटांची आस

होळीनंतर खुडूक अंड्यांवरून उठली
तेव्हा पिल्लं अकरा होती.
आता सात.
रोज मोजते, तरी एखादं मध्येच पायांत येतं
आणि आकडा पुन्हा पहिल्यापासून.

घार समोरून येत नाही.
आधी पत्र्यावरून सावली घसरते,
मग दोरीवरचा परकर हलतो,
मग कोंबडी तो आवाज काढते,
एकच, घशात काटा अडकल्यासारखा,
आणि मी हाताचं पीठ झाडत मागच्या दारी पोचेपर्यंत
अंगणात नुसती धूळ
आणि एक पीस. तेही आमचंच.

करावे गावात आता आभाळ थोडं आहे.
पामबीचच्या इमारतींमधून उरतं तेवढं.
त्यातल्याच एका गच्चीवर मोबाइलचा खांब,
खांबावर ती.
तिथून तिला आमचं खुराडं दिसतं, त्याची तुटकी कडी,
मी कपडे किती वाजता वाळत घालते तेही.

नवऱ्याचा शर्ट काठीला घालून उभा केला.
दोन दिवस बरा वाटला.
तिसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर कावळा बसला.
मग कावळ्यांशीच सलोखा केला:
बोंबलांची डोकी भिंतीवर, अकराच्या सुमारास.
कावळे घारीला हुसकतात, हे खरं.
पण सोमवारी आमच्याकडे मासळी नसते
आणि कावळे उधारीवर काम करत नाहीत.

मग माझ्या लग्नाच्या सीडी टांगल्या.
हळद, लग्न, वरात, अशा तीन.
त्या लावायचं यंत्र तरी कुणाकडे उरलंय?
वाऱ्यावर फिरायच्या, भिंतभर उजेड उडवायच्या.
हळदीची सगळ्यांत जास्त चमकायची.
तिच्याच खालून चौथं गेलं.

त्या रात्री सासरे जेवताना काही बोलले नाहीत.
सकाळी बघते तर काळ्या चष्म्यासकट माळ्यावर चढलेले,
मोतीबिंदू काढून पंधरवडाही झाला नव्हता.
खाली जाळं फेकलं. धप्प.
ओटीभर खाडीचा वास, वाळलेला चिखल,
एक खेकड्याची नांगी.
दिवसभर बसून एकेक शिसं कापून काढलं.
मी म्हटलं, राहू द्या की, वजनाला बरं.
"पान्यान टाकाला शिसा लागतं,
आभालान कशाला?"
मग बोटं घालून बघितली.
तीन बोटांची आस.
"घारीला पुरं. शिकरा शिरंल."
आणि जिथे शिकरा शिरेल तिथे सुतळी भरत राहिले
दिवेलागणीपर्यंत, डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त.

शिसं पोरीने वाटीत भरून घेतलं.
भातुकलीत त्याची भाजी होऊ लागली, मी काढून घेतलं.

आठ दिवस काही नाही.
नवव्या दिवशी ती आली आणि अडकली.
एक पाय आत, पंख जाळ्यावर पसरलेले,
सगळं खुराडं गप्प.
आळीतली पोरं जमली, नामीबाय काठी घेऊन आली,
कुणी मोबाइल धरला.
सासऱ्यांनी तिच्यावर गोणपाट टाकलं,
माझ्या हातात दिलं, म्हणाले, धर.

मी धरलं.
एवढीच?
माझी तलंग हिच्याहून जड आहे.
गोणपाटाच्या आत काहीतरी भराभर चाललेलं,
माझ्या तळहाताला लागून,
मिक्सर बंद केल्यावर थोडा वेळ फिरतो तसं.
चार पिल्लं हिने नेली, आणि मी हिला सांभाळून धरलेली,
पंख दुखू नये म्हणून.

त्यांनी ब्लेडने तीन आसा कापल्या.
नामीबाय म्हणाली, मामा, याड लागलं का?
ते कापलेल्या भोकाकडेच बघत होते:
"चांगलं जालं इस्काटलं रांडंनी."
मी गोणपाट सोडलं.
ती वर गेली नाही, आधी शेजाऱ्यांच्या टाकीवर बसली,
पाय झटकला, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भोक अजून निळ्या दोरीने बांधलेलं आहे,
बाकीच्या जाळ्यात उठून दिसतं.
दुपारी कोंबडी मान वाकडी करते,
एक डोळा मातीकडे, एक वर.
ओटीवर सासरेही तसेच बसतात,
ऑपरेशनचा डोळा वर करून.
सात आहेत.
थांबा, पुन्हा मोजते.