येणे बाकी

पहिली नोंद माझ्याच अक्षरात आहे,
आठवीतल्या, जरा उजवीकडे कललेल्या:
खारीगाव नाका. लोखंडी, घडीच्या, चाळीस.
पक्ष: नवा. अनामत: नाही.
नाव त्यानं स्वतःच सांगितलं
आणि मी ते चुकीचं लिहिलं.

बाबा म्हणाले, दोन खुर्च्यांत हातभर जागा सोड,
चाळिसांत साठांची सभा दिसते.
बसली तेवीस माणसं. त्यात आम्हीच तिघं,
मी, बाबा आणि टेम्पोवाला मुनीर.
खाडीकडचं उतरतं ऊन सरळ त्याच्या डोळ्यांत येत होतं.
तासभर बोलला. काय, ते आठवत नाही.
आठवतं ते एवढंच, की बोलताना तो
रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होता,
कोणीतरी यायचं राहिलंय
आणि ते येणार हे त्याला कळवून ठेवलंय
असं.

सभा उठल्यावर स्वतःच खुर्च्या मिटायला लागला.
सवय नव्हती. बिजागरीत बोट सापडलं,
डाव्या हाताची तर्जनी. नख काळंनिळं.
त्या ओढाताणीत एका खुर्चीचा पाय वाकला.
बाबांनी गोळेवाल्याकडून बर्फ आणला.
"पुढच्या वेळी भरून देतो," तो म्हणाला, खुर्चीबद्दल.
मी लिहिलं: एक मोडकी. येणे बाकी.

मग कळवा, चारशे.
गावदेवी मैदान, दोन हजार, आणि लोक उभे.
ऐरोलीला मुनीरच्या सहा खेपा.
खारघरला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या, बारा हजार,
पनवेल, उरण, भिवंडीहून उसन्या;
आपल्या ओळखू याव्यात म्हणून पाठीवर 'के. डे.' रंगवताना
माझं मनगट सुजलं.
बाबा आता म्हणत, चिकटून लाव, जागा सोडू नकोस.
ते हातभर अंतर नेमकं कोणत्या सभेत गेलं
हे रजिस्टरात सापडत नाही.

चेहरा आधी स्टेजवर असायचा, मग स्टेजच्या मागे,
मग पुलाच्या कठड्यावर, पाणपोईवर, रिक्षांच्या पाठीवर,
आणि एके सकाळी केणी डेकोरेटर्सच्या आमच्याच पाटीवर.
पाटी वर्षानुवर्षं तिरकी होती.
ती त्यांनी सरळ केली, हेही लिहायला हवं.

लोकसभेच्या वर्षी कुत्रं आलं.
एकेका खुर्चीखाली नाक घालून हुंगलं त्यानं,
मुनीरचा डबासुद्धा.
पुढच्या आठवड्यात कंत्राट दिल्लीच्या कंपनीला गेलं,
आमच्याकडून पंखे घेतले तेवढे.

मतदानाला शाळेसाठी बारा खुर्च्या मागितल्या,
म्हाताऱ्या माणसांच्या रांगेला.
वाकड्या पायाची तीही दिली, खाली पुठ्ठा घालून.
भिकूबाई तिच्यावरच बसली.
"डुलते गो जराशी," म्हणाली, "पन बरी हाय,"
आणि रांग पुढे गेली तरी उठेना.
दुपारी टीव्हीवर त्यानं शाईचं बोट वर केलं.
नख अजून वाकडं. शाई त्याच्या कडेला साचलेली.
देशात ते बघून हसलेली
मी एकटीच असेन.

निकालाच्या दिवशी बाबा पलंगावर,
डावा कान गेलेला, उजवा त्यांच्या मर्जीवर.
"दोनशे नव्वद," बातमीवाली ओरडली.
काय, म्हणाले.
जागा, बाबा. त्याला दोनशे नव्वद जागा.
"खुर्च्या?
परत मोजून घे.
टेम्पो रिकामा होईपर्यंत
पाच-दहा कमी भरतातच."

शपथविधीला खुर्च्या सोनेरी होत्या, मखमली,
कोणाच्या होत्या कोण जाणे,
पाठीमागून एकदाही दाखवल्या नाहीत.

चैत्रात वही बदलली.
जुन्या बाक्या नव्या पानावर उतरवताना
ती ओळही उतरवली, खारीगाव नाका, एक मोडकी.
रक्कम तीच ठेवली, त्या वेळच्या भावानं.
नाव मात्र या खेपेला
बरोबर लिहिलं.